तेरावा हप्ता

जाफराबादच्या नव्या वस्तीतून जाताना घरांच्या गच्च्यांकडे पाहिले, तर बऱ्याच ठिकाणी कॉलमचे गज हातभर वर सोडलेले दिसतात. कुठे ते गंजू नयेत म्हणून त्यांना सिमेंटचा पातळ लेप दिलेला असतो, कुठे त्यांच्यावर रिकाम्या बाटल्या पालथ्या घातलेल्या असतात. परक्याला वाटावे की काम अर्धवट राहिले आहे. पण आज खालच्या तीन खोल्या आणि पुढे पैसा हातात आला की वरचा मजला, असा तो बेत असतो. केळणा आणि पूर्णेच्या संगमावरच्या या गावाला घर टप्प्याटप्प्याने वाढवणे नवे नाही. मराठवाड्यातली माळवदाची घरे अशीच वाढत गेली: एका सुगीत दोन खण, चार वर्षांनी आणखी एक, मग पडवी. पैसा आधी यायचा, भिंत नंतर उभी राहायची. गृहकर्जाने हा क्रम उलटा केला. आता भिंत आधी उभी राहते आणि तिचे पैसे पुढे वीस वर्षे फिटत राहतात. यात वावगे काही नाही. मुले लहान असतानाच पक्क्या घरात राहायला मिळणे ही मोठी गोष्ट आहे. पण क्रम बदलला म्हणून जुनी सवय सोडायचे कारण नव्हते. पैसा येईल तसा मजला चढवणारी माणसे पैसा येईल तसे कर्जाचे मुद्दलही उतरवू शकतात. साधारण उत्पन्नाच्या कुटुंबाने कर्जाच्या पहिल्या वर्षांत काटकसर करावी आणि ठरलेल्या हप्त्यापेक्षा थोडे जास्त भरावे, कारण त्याच्या हाताशी असलेल्या मार्गांत इतका खात्रीचा लाभ क्वचितच दुसरा असतो, एवढेच मला इथे मांडायचे आहे.

हे पटण्यासाठी हप्त्याच्या पोटात काय असते ते पाहावे लागते. वीस लाखांचे कर्ज, साडेआठ टक्के दर आणि वीस वर्षांची मुदत धरली, तर महिन्याचा हप्ता १७,३५६ रुपये येतो. पहिल्या हप्त्यातले १४,१६७ रुपये व्याजात जातात आणि मुद्दल उतरते ३,१८९ रुपयांनी. म्हणजे सुरुवातीला नुसते व्याजच रोज ४७० रुपयांच्या घरात जाते. २०२५-२६ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. त्या भावाने विकलेल्या एका क्विंटलातून अकरा दिवसांचे व्याज भागते. पहिल्या वर्षभरात २ लाख ८ हजार रुपये भरले जातात आणि मुद्दल कमी होते सुमारे ४० हजारांनी. हप्त्यातला मुद्दलाचा वाटा व्याजापेक्षा मोठा व्हायला जवळजवळ बारा वर्षे लागतात आणि निम्मे मुद्दल फिटायला सुमारे चौदा. वीस वर्षांनी खाते बंद होते तेव्हा बँकेत भरलेली रक्कम ४१ लाख ६५ हजारांच्या आसपास गेलेली असते. त्यातले २१ लाख ६५ हजार व्याजाचे. यात लबाडी नाही. व्याज उरलेल्या मुद्दलावर लागते, सुरुवातीला मुद्दल मोठे असते, म्हणून व्याज मोठे असते. पण याच कारणाने, मुद्दलावर बसलेला प्रत्येक जादा रुपया पुढच्या सगळ्या वर्षांचे व्याज बंद करत जातो.

व्याज मुद्दलाच्या वर जाण्याची धास्ती आपल्या समाजाला जुनी आहे. दामदुप्पट हा शब्द आज आपण सहज वापरतो, पण तो मुळात एका नियमाचे नाव आहे. कोणत्याही एका वेळी थकलेले व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येणार नाही, असे जुने हिंदू धर्मशास्त्र सांगत होते आणि मुंबई इलाख्यातली न्यायालयेही ते मानत होती. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्यापासून सावकारांविरुद्धचे दंगे पसरले, तेव्हा शेतकऱ्यांना हवे होते ते सावकाराच्या दप्तरातले रोखे. ते हाती लागले की नष्ट केले जात. त्यातून १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा आला. बँकेचे गृहकर्ज दामदुपटीचा नियम मोडत नाही, कारण व्याज महिन्याच्या महिन्याला भरले जाते, ते साचत नाही. तरीही एकूण बेरीज मुद्दलाच्या दुपटीपलीकडे जातेच. त्या काळच्या आणि आजच्या कर्जदारात मोठा फरक आहे तो दुसऱ्याच बाबतीत: सुप्याच्या शेतकऱ्याच्या हातात व्याज आटोक्यात ठेवण्याचे साधन नव्हते, आजच्या कर्जदाराच्या हातात ते आहे. बहुतेक वेळा ते वापरायचे राहून जाते.

या साधनाची ताकद आकड्यांतच पाहावी. वरच्याच कर्जात दरवर्षी बारा हप्त्यांवर एक जादा हप्ता भरला, वर्षाच्या शेवटी, एकदाच, तर वीस वर्षांचे कर्ज सोळा वर्षे नऊ महिन्यांच्या आत फिटते आणि चार लाखांहून अधिक व्याज वाचते. त्याऐवजी दर महिन्याला दोन हजार जास्त भरले तर साडेपंधरा वर्षांच्या आसपास खाते बंद होते आणि साडेपाच लाख वाचतात. वेळेचे महत्त्व याहून ठळक आहे. पहिले वर्ष संपताना एक लाख रुपये एकदाच मुद्दलात भरले, तर पुढचे सव्वीस हप्ते कमी होतात आणि साडेतीन लाखांवर व्याज वाचते. तोच एक लाख बारावे वर्ष संपताना भरला तर अकरा हप्ते कमी होतात आणि वाचतात सुमारे नव्वद हजार. दर दोन्ही वेळी साडेआठच असतो. पहिल्या लाखाला कामाला एकोणीस वर्षे मिळतात, दुसऱ्याला आठ. म्हणून ‘पगार वाढू दे, मुले मोठी होऊ देत, मग कर्जाचे बघू’ हा विचार सगळ्यात महागात पडतो. काटकसर करायची असेल तर ती कर्जाच्या सुरुवातीला करावी. शेवटी केलेल्या काटकसरीला व्याजातून परत देण्यासारखे फारसे उरलेले नसते.

याची उलटी बाजू २०२० मध्ये घरोघरी पाहायला मिळाली. करोनाच्या काळात रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट असे सहा महिने हप्ते पुढे ढकलण्याची मुभा दिली होती. ज्यांची कमाई थांबली होती त्यांना तिचा आधार झाला, आणि तो गरजेचा होता. पण नुकत्याच घेतलेल्या वीस लाखांच्या कर्जात सहा हप्ते टळले आणि हप्ता तोच राहिला, तर शेवटी सुमारे तीस हप्ते वाढतात. सुरुवातीचे सहा महिने शेवटच्या अडीच वर्षांच्या तोलाचे असतात, हे यातून जितके स्वच्छ दिसते तितके कुठल्याही उपदेशातून दिसणार नाही. त्यानंतर मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ टक्क्यांवरून साडेसहा झाला. २०१९ च्या ऑक्टोबरपासून बँकांची नवी बदलत्या दराची गृहकर्जे अशा बाहेरच्या दराशी जोडलेली असल्याने वाढ लगेच कर्जदारापर्यंत आली. पावणेसात टक्क्यांनी वीस लाख घेतलेल्याचा हप्ता १५,२०७ रुपये होता. दर सव्वानऊ झाल्यावर तेवढ्या मुद्दलाचे महिन्याचे नुसते व्याजच १५,४०० च्या वर जाते. बँकांनी हप्ता न वाढवता मुदत लांबवली, आणि अनेकांना वर्षभर हप्ते भरूनही मुद्दल जागचे हलले नसल्याचे खातेउताऱ्यातच दिसले. अशा वेळी ज्यांनी आधीच थोडे मुद्दल उतरवून ठेवले होते त्यांना दरवाढीची झळ कमी बसली. जादा भरणा दरवाढीविरुद्धचा विमाही असतो.

२०२५ मध्ये चक्र उलटे फिरले. रेपो दर वर्षभरात साडेसहावरून सव्वापाचवर आला. अशा वेळी हप्ता कमी झाल्याचा निरोप आला की घरात आनंद होतो, पण तिथेच संधी असते. वीस लाखांच्या नव्या कर्जाचा दर साडेआठवरून सव्वासात झाला, तर वीस वर्षांसाठीचा हप्ता १५,८०८ रुपयांवर येतो. तो तसा उतरू न देता १७,३५६ रुपयेच भरत राहिले, तर कर्ज साडेसोळा वर्षांत संपते. खिशातून पूर्वीइतकेच जाते आणि साडेतीन वर्षे कमी होतात. काटकसरीचा हा सगळ्यात सोपा प्रकार आहे, कारण यात कुठलीच सवय मोडावी लागत नाही.

कायदा कर्जदाराच्या बाजूने उभा आहे, हेही नीट माहीत असायला हवे. बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतीआधी फेडीचा दंड घेऊ नये, असे रिझर्व्ह बँकेने जून २०१२ मध्येच बँकांना सांगितले. जुलै २०२५ च्या नव्या निर्देशांनी हे आणखी पक्के केले: १ जानेवारी २०२६ पासून मंजूर किंवा नूतनीकरण झालेल्या बदलत्या दराच्या कर्जावर, ते व्यक्तीने व्यवसायासाठी घेतलेले नसेल तर, मुदतीआधी फेडीचा आकार घेता येत नाही, पैसा कुठून आणला हे कारण सांगता येत नाही आणि अमुक काळ कर्ज ठेवलेच पाहिजे अशी अटही घालता येत नाही. स्थिर दराच्या कर्जाची गोष्ट वेगळी, तिथे करारपत्र वाचावे. जादा रक्कम भरताना मात्र शाखेत एक अर्ज द्यावा आणि त्यात तीन गोष्टी स्पष्ट लिहाव्यात: रक्कम मुद्दलात जमा करावी, मासिक हप्ता आहे तोच ठेवावा, आणि मुदत कमी करावी. हे न लिहिता पैसे पाठवले तर ते पुढच्या हप्त्याची आगाऊ रक्कम म्हणून पडून राहू शकतात, किंवा मुदत तीच राहून हप्ता थोडा उतरतो आणि सुटलेले पैसे बाजारात विरघळतात. दरबदलाच्या वेळी हप्ता वाढवायचा की मुदत, हे निवडण्याचा पर्याय कर्जदाराला द्यावा, असेही रिझर्व्ह बँकेचे ऑगस्ट २०२३ चे परिपत्रक सांगते. भरणा झाल्यावर हप्त्यांचा नवा तक्ता मागून घ्यावा आणि शेवटच्या हप्त्याची तारीख खरोखर अलीकडे आली का ते पाहावे.

तालुक्याच्या गावी आणखी एक अडचण असते. प्लॉट बिगरशेती झालेला नसतो, गुंठेवारीचा असतो, किंवा कागद म्हणून हातात फक्त नमुना ८ चा उतारा असतो. मग राष्ट्रीयीकृत बँक नाही म्हणते आणि माणूस गृहवित्त कंपनीकडे किंवा पतसंस्थेकडे वळतो, जिथे दर चढा असतो. बारा टक्क्यांनी दहा लाख पंधरा वर्षांसाठी घेतले तर हप्ता १२,००२ रुपये येतो आणि पंधराच वर्षांत व्याज ११ लाख ६० हजारांवर जाते. इथे महिन्याला एक हजार जास्त भरले तरी कर्ज सव्वाबारा वर्षांत संपते आणि सुमारे २ लाख ४५ हजार वाचतात. म्हणजे ज्याचे कर्ज महाग, त्याच्या काटकसरीला फळही मोठे. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या नव्हे, सहकार खात्याच्या कक्षेत येतात. म्हणून तिथे मुदतीआधी फेडीची अट आधीच विचारून घ्यावी. पुढे जागेचे कागद पूर्ण झाले की तेच कर्ज कमी दराच्या बँकेकडे वळवणे हीसुद्धा एक प्रकारची जादा फेडच आहे.

हा पैसा आणायचा कुठून, हा खरा प्रश्न. दूधवाल्याचे अर्धा लिटर कमी करून किंवा मुलांच्या वह्यांवर हात आखडून गृहकर्ज फिटत नाही. त्यातून फक्त घरात कटकट वाढते. मोठी गळती असते ती मोजक्या ठिकाणी. दिवाळीत हप्त्यावर घेतलेला टीव्ही आणि मोबाईल, पहिली गाडी चांगली चालत असताना आलेली दुसरी, आणि कर्ज काढून केलेले लग्न. एका लग्नात मांडवावर आणि पंगतीवर जेवढा वाढीव खर्च होतो, तो गृहकर्जाच्या दुसऱ्या वर्षात मुद्दलावर टाकला तर दोन-अडीच वर्षांचे हप्ते कमी होऊ शकतात. नोकरी जाफराबादला आणि घर जालन्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला असे असले की रोजच्या अप-डाऊनचा खर्च हाही एक अदृश्य हप्ताच असतो. कामाच्या गावी छोटे घर बांधणाऱ्याला तो वाचवता येतो. सगळ्यात मोठी काटकसर कर्ज घेण्याआधीच होते. न घेतलेल्या प्रत्येक लाखामागे महिन्याचे ८६८ रुपये आणि वीस वर्षांत १ लाख ८ हजारांचे व्याज वाचते. वरच्या मजल्याचे गज मोकळे सोडणारे कुटुंब नकळत हेच करत असते.

उत्पन्नाचे वेळापत्रकही इथे उपयोगी पडते. शेतीवर घर चालवणाऱ्याच्या हातात पैसा महिन्याला येत नाही. तो दिवाळीच्या आगेमागे सोयाबीन आणि मका विकल्यावर आणि मग कापूस उठेल तसा येतो. त्याला महिन्याचे दोन हजार जड, पण चांगल्या वर्षी एक जादा हप्ता शक्य असतो. शिक्षक, ग्रामसेवक, आरोग्य कर्मचारी यांना महागाई भत्त्याचा फरक मिळतो. सातव्या वेतन आयोगाची थकबाकी तर राज्याने पाच वार्षिक हप्त्यांत दिली. अशा पैशाला घराच्या खर्चात अजून जागा मिळालेली नसते, म्हणून तो पगाराच्या खात्यात मिसळण्याआधीच कर्जखात्यात गेला तर कुणालाच त्याची उणीव भासत नाही. आपल्याकडे दुष्काळात तेरावा महिना ही म्हण आहे. अधिक महिना आला की त्याच धान्यात आणखी तीस दिवस काढायचे, आणि तेही दुष्काळात. तेरावा हप्ता याच्या अगदी उलट आहे: सुकाळात स्वतःहून घेतलेला एक जादा भार, जो पुढच्या दुष्काळातले महिने कमी करतो.

यावर पहिला आक्षेप शहाणी माणसेच घेतात. साडेआठ टक्के वाचवण्यापेक्षा म्युच्युअल फंडाच्या एसआयपीत पैसे टाकले तर लांबच्या मुदतीत जास्त मिळतील. शक्यता तशी आहे. ज्याचे वय कमी, कर्जाचा दर सव्वासातच्या आसपास, नोकरी पक्की आणि बाजार तीस टक्के पडला तरी हात न लावण्याची तयारी, त्याने काही भाग तिकडे वळवायला हरकत नाही. पण दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. शेअर बाजाराचा परतावा अंदाज असतो. वाचलेले व्याज पक्के असते आणि त्यावर कर लागत नाही. म्हणून मुद्दल उतरवण्याची तुलना खात्रीच्या मुदत ठेवीशी करावी, आणि तिथे उत्तर सरळ आहे: बँक ठेवीवर जे देते त्यापेक्षा कर्जावर जास्त घेते, त्याशिवाय ती चालणारच नाही. दुसरे असे की बहुतेक घरांत शिल्लक पैसा एसआयपीत जातच नाही. तो बचत खात्यात झोपतो किंवा दागिन्यांत जातो. सोन्याने २०२५ मध्ये दहा ग्रॅमला एक लाखाचा टप्पा ओलांडला हे खरे. पण २०१२ मध्ये ते सरासरी ३१ हजारांच्या आसपास होते आणि २०१८ मध्येही तिथेच होते. त्या सहा वर्षांत मुद्दलावर टाकलेला पैसा रोज व्याज वाचवत राहिला असता. शिवाय दागिन्याला मजुरी लागते, आणि अडचण आली तरी तो विकायला मन होत नाही.

दुसरा आक्षेप कराचा. जुन्या करपद्धतीत स्वतः राहत्या घराच्या व्याजावर वर्षाला दोन लाखांपर्यंत वजावट मिळते. कर्ज फेडले तर ती जाते. ज्याने जुनी पद्धत ठेवली आहे आणि जो तीस टक्क्यांच्या टप्प्यात आहे त्याचा साडेआठचा दर प्रत्यक्षात सहाच्या खाली येतो, आणि त्याच्यापुरता हा आक्षेप वजनदार आहे. वीस टक्क्यांच्या टप्प्यात तो दर पावणेसातच्या जवळ राहतो. पण २०२३-२४ पासून नवी पद्धत हीच मूळ पद्धत झाली आणि तिच्यात राहत्या घराच्या व्याजाला वजावट नाही. २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर भरावा लागत नाही. तालुक्याच्या गावातली बहुसंख्य कुटुंबे या मर्यादेच्या आत येतात. ज्याला करच नाही, त्याने कर वाचवण्यासाठी कर्ज बाळगण्यात अर्थ नाही. सरकारी व्याज अनुदान मात्र पाहून घ्यावे. प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मध्ये व्याज अनुदान पाच वार्षिक टप्प्यांत मिळते आणि प्रत्येक टप्प्याला मुद्दल निम्म्याहून अधिक शिल्लक असावे लागते. त्या लाभार्थ्याने तेवढी वर्षे भरणा बेताने करावा.

तिसरा आक्षेप महागाईचा. हप्ता तोच राहतो, पगार वाढतो, म्हणून कर्ज आपोआप हलके होते, मग घाई कशाला? महागाई भत्ता मिळणाऱ्याच्या बाबतीत यात तथ्य आहे. पण गावातल्या दुकानदाराचे, रिक्षावाल्याचे, शेतकऱ्याचे उत्पन्न महागाईबरोबर चढतेच असे नाही. सोयाबीन २०२१ च्या ऑगस्टमध्ये दहा हजारांपर्यंत गेले होते. २०२४ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ असताना बाजारात ते त्याच्याही खाली विकले गेले. खत, मजुरी, शाळेची फी वाढत राहिली आणि माल निम्म्या भावाने गेला. अशा घरासाठी हप्ता वर्षागणिक हलका होत नाही. उलट, भाव चढा असतानाच्या वर्षी मुद्दल उतरवून ठेवणे हाच त्याच्या हातातला उपाय आहे.

चौथा आक्षेप सगळ्यात गंभीर आहे आणि तो मान्य करूनच पुढे जायला हवे. मुद्दलात गेलेला पैसा परत काढता येत नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागा जळाल्या. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात अतिवृष्टीने उभी पिके पाण्यात गेली. अशा वेळी घरात रोख नसेल आणि सगळा पैसा कर्जखात्यात गेलेला असेल, तर माणूस महिना तीन-चार टक्क्यांच्या खासगी उसनवारीकडे ढकलला जातो. साडेआठ वाचवायला जाऊन छत्तीस टक्क्यांच्या दारात उभे राहणे ही काटकसर नव्हे. म्हणून क्रम पाळावा. आधी हातउसने, सोनेतारण, मोबाईल-गाडीचे हप्ते, क्रेडिट कार्ड अशी महागडी देणी संपवावीत. मग सहा महिन्यांच्या घरखर्चाएवढी आणि हप्त्यांएवढी रक्कम वेगळी ठेवावी. शेतीवर अवलंबून असलेल्याने वर्षभराची ठेवली तर उत्तम. कर्जाएवढा मुदत विमा आणि आरोग्य विमा असावा, कारण कमावता माणूस गेला तर तेरा हप्त्यांचा सगळा हिशेब कोसळतो. एवढे झाल्यावर जे उरेल ते मुद्दलावर टाकावे. काही बँका गृहकर्जाला ओव्हरड्राफ्टचे खाते जोडून देतात. त्यात ठेवलेली शिल्लक व्याज कमी करते आणि गरजेला काढताही येते. दर थोडा जास्त असला तरी अस्थिर उत्पन्नाच्या घराला ती सोय मोलाची ठरू शकते.

या क्रमात काटकसरीची मर्यादाही येते. औषधपाणी, मुलांचे शिक्षण, म्हाताऱ्यांची काळजी यांवर कात्री चालवून लवकर कर्जमुक्त झालेले घर फायद्यात राहत नाही. काटकसर म्हणजे कमी महत्त्वाच्या खर्चातून पैसा काढून जास्त महत्त्वाच्या ठिकाणी नेणे. ती सगळ्या घराने मिळून ठरवली तर टिकते. एकाने लादली तर तिसऱ्या महिन्यात मोडते. त्यासाठी हप्त्यांचा तक्ता घरात सगळ्यांनी पाहावा. शेवटच्या हप्त्याची तारीख २०४६ वरून २०४३ वर आलेली दहावीतल्या मुलीनेही वाचली, तर नव्या मोबाईलचा हट्ट का पुढे ढकलायचा हे तिला वेगळे सांगावे लागत नाही.

शेवटचा हप्ता भरला म्हणजे काम संपले असे नाही. कर्ज पूर्ण फिटल्यावर मूळ कागदपत्रे तीस दिवसांत परत करावीत आणि उशीर केल्यास दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०२३ चा आदेश आहे. ना-देय दाखला घ्यावा आणि सातबारावर, मिळकत पत्रिकेवर किंवा नमुना ८ वर बँकेचा बोजा चढलेला असेल तर तो कमी झाल्याची नोंद स्वतः पाहून यावी. मग पुन्हा एकदा गच्चीकडे बघावे. तेरावा हप्ता भरत आलेल्या कुटुंबाचे वीस वर्षांचे कर्ज सव्वातीन वर्षे आधी संपलेले असते. त्या राहिलेल्या महिन्यांत जुनाच हप्ता, १७,३५६ रुपये, बाजूला टाकत गेले तर वीस वर्षे भरतात तेव्हा पावणेसात लाखांवर रक्कम जमते आणि तिच्यावरचे व्याज आता बँकेकडून आपल्याकडे येते. गजांवर पालथ्या घातलेल्या बाटल्या काढायला तेवढी रक्कम पुरते, आणि वरच्या मजल्यासाठी बँकेची पायरी पुन्हा चढावी लागत नाही.